कुठला सान?

लुआबाईंच्या हातांना चैन म्हणून नव्हती. बोलता बोलता त्या समोरच्याच्या शर्टाचं बटण नीट करायच्या आणि शाळेची कडी लावली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून सायकल वळवायच्या. बेन्त्रेच्या नदीतल्या त्या बेटावर बालवाडीत लागण्याआधी त्यांनी दहा वर्षं नारळाच्या वड्या कागदात गुंडाळल्या होत्या. मुलं त्यांना ‘को’ म्हणत. को म्हणजे बाई आणि को म्हणजे आत्यासुद्धा, आणि लुआबाई दोन्ही नाती सारख्याच हिरिरीनं निभावत.

त्या आठवड्यात मात्र घालमेल निराळी होती. बोंग नावाच्या चार वर्षांच्या पोरीच्या तपासणीच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं फुली मारली होती: रंग ओळखत नाही. रंगीत पत्ते समोर धरून तीनदा विचारलं, तीनदा चुकली. या फुलीवरून शुक्रवारी मुख्याध्यापिका तिला नदीपलीकडच्या, मागे पडणाऱ्या मुलांच्या खास वर्गात धाडणार होत्या. दोन होड्या बदलायच्या, आणि बोंगला सोबत कोण? तर गुडघे गेलेली आजी. गेल्या वर्षी मिएन नावाची पोर अशीच धाडली होती. महिनाभर गेली, मग घरीच बसली. बोंगचंही तेच होणार हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बाईंना जेवण जाईना. पत्ते नकोत, हाताला लागेल असं काहीतरी देऊन बघू, असं त्यांच्या मनानं घेतलं. मोठा टब घेतला. तांदूळ हळदीत, गोकर्णीच्या फुलांच्या पाण्यात आणि खिरीत घालतात त्या सुवासिक पानांच्या रसात भिजवून वाळवले. करवंट्या कापून गोल, त्रिकोण, चौकोन केले, तेही याच रंगांत रंगवले आणि तांदळात पुरून टाकले. करवतीनं अंगठा कापला, तरी हात थांबेना.

गुरुवारी सकाळी बोंगची आजी दारातच अडून बसली. "तांदळात खेळायचं? लाज वाटत नाही, बाई?"

"टोके लागलेले तांदूळ आहेत हो, आजी. खेळून झालं की बदकांना घालणार."

"निळा भात? बदकं अंडी तरी कसली घालायची मग!"

पोरांनी कोपरापर्यंत हात खुपसले. बाई एकेक मागू लागल्या. गोल दे म्हटलं, बोंगनं गोल दिला. पिवळा चौकोन म्हटलं, तोही दिला. बाईंना धीर आला.

"आता सान त्रिकोण दे."

सान म्हणजे बाईंच्या मनात होता निळा. बोंगनं हिरवा काढला.

"चुकली, चुकली!" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. चिडून बाईंनी शेजारच्या फुकला सांगितलं, "तू दे रे सान."

फुकचा हात आधी हिरव्याकडेच गेला. मग त्यानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात निळ्याकडे वळवला. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. त्या बेटावरच्या भाषेत हिरव्यालाही सान म्हणतात आणि निळ्यालाही सानच. कुठला ते सांगायला पुढे पान किंवा आभाळ जोडायचं असतं. घाईघाईत बाईंनी ते शेपूट कधीचंच गाळलं होतं, आणि बाकीची पोरं त्यांच्या डोळ्यांवरून उत्तर ओळखत होती. बोंग कुणाच्या तोंडाकडे बघत नसे, हातातल्या वस्तूकडे बघे.

"बोंग, सान दे," त्यांनी पुन्हा म्हटलं.

पोरीनं एका मुठीत हिरवा धरला, दुसऱ्या मुठीत निळा, आणि वैतागून विचारलं, "कुठला सान, को?"

बाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "ताई, बोंगचा कागद द्या."

"फुली खोडता येत नाही हं, लुआ."

"खोडत नाही. खाली लिहिते."

त्यांनी लिहिलं: ‘विचारणारीनं नीट विचारलं नव्हतं.’

मुख्याध्यापिकांनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "बरं. बोंग इथंच राहील. झालं ना समाधान?"

बाईंचा चेहरा उतरला होता. "ताई, मिएनलाही मीच विचारलं होतं."

टब सायकलला बांधून त्या निघाल्या. दुपारच्या उन्हात तांदूळ वाटभर सांडत होते. मिएन नारळ सोलणाऱ्या आईजवळ काथ्याच्या ढिगात बसलेली होती. बाईंनी टब तिच्यापुढे ठेवला.

"मिएन, आभाळाचा सान दे, बाळा."

मिएननं हात घातला आणि निळा गोल काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता पानाचा."

तोही दिला.

आई कौतुकानं हसली. "अगंबाई! वर्षभरात शिकली की हो घरच्या घरी!"

लुआबाई काथ्यातच मटकन बसल्या. त्यांचे हात पहिल्यांदाच मांडीवर निपचित पडले होते.