चाचांचं सरळ नाक

हवालदार चाचांचं नाक अगदी सरळ होतं. पहिल्यांदा भेटणाऱ्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पण हा माणूस उभं तारुण्य बॉक्सिंग खेळला, फौजेकडून खेळला, देशाकडून खेळला, हे कळलं की लोक पुन्हा एकदा त्यांच्या तोंडाकडे बघायचे. टीव्हीवरच्या बॉक्सरांची बसकी, वाकडी नाकं त्यांना आठवायची. मग कुणीतरी विचारायचंच, "चाचा, खरंच खेळलात का?" चाचा बशीतला चहा संपवून शांतपणे सांगायचे, "नाक मोडलेला बॉक्सर म्हंजे पंक्चरवाल्याची पंक्चर सायकल. मी मारायला गेलतो, खायला न्हाई."

परळीत त्यांना सगळे ओळखायचे ते या नाकामुळेच. जुनी माणसं सांगायची, की चाचांना कुणाचा ठोसा लागलाच नाही. समोरचा मारायचा तिथे चाचा नसायचेच. खरं-खोटं तपासायला कुणी गेलं नव्हतं. नाक होतं ना समोर.

मी परळीला कॉलेजसाठी आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. केजकडच्या आमच्या गावात आबांची मेंढरं आहेत. मी बॉक्सिंगला नाव दिलं ते आवड म्हणून नाही. मुलींची नावं कमी पडत होती आणि नाव दिलं की ट्रॅकसूट मिळतो असं खेळाचे सर म्हणाले होते. त्यांनीच मला चाचांकडे पाठवलं. चाचांच्या भावाचं मोटारसायकलचं गॅरेज होतं आणि त्याच्यामागे पत्र्याची एक खोली. आढ्याला पोत्याची बॅग टांगलेली. आत टायरचे तुकडे आणि चिंध्या भरलेल्या. थर्मल वीजकेंद्राची राख पत्र्याच्या फटींतून आत यायची, त्यामुळे बॅगेवर ठोसा मारला की आधी धुरळा निघायचा. पहिल्या दिवशी मी शिंकले. चाचा म्हणाले, "शिंकताना हात खाली गेले तुझे. समोरची थांबणार हाय का, तुझी शिंक होईपर्यंत?"

"हात वर" हे त्यांचं बोलणं नव्हतं, श्वास होता. हात खाली आला म्हणजे घराचं दार उघडं राहिलं, असं ते म्हणायचे. बसस्टँडवर मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी असले आणि ते समोरून आले, तर आधी "हात कावून खाली?" आणि मग "गावाकडं चाललीस का?" गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांनाही ते सोडायचे नाहीत. "हात वर ठेव बे," म्हटलं की एखादा पाना टाकून दोन्ही हात वर करायचा आणि म्हणायचा, "घ्या चाचा, पोलिसात द्या मला." चाची आतून ओरडायच्या, "त्याचे हात वर राहिले तर गाडी कोण दुरुस्त करील?"

शिकवायची त्यांची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या कॉलेजच्या मुली सांगायच्या, की त्यांचे सर "जोरात, जोरात" म्हणून ओरडतात. चाचा ठोसे झेलायचे पॅड दोन्ही तळहातांवर चढवून समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "हळू." एक म्हटलं की डावा ठोसा, दोन म्हटलं की उजवा. पण इतका हळू, की भाकरी थापताना हात जातो तसा. मला कंटाळा यायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, असं हळू मारून कुणी पडेल का?" ते म्हणाले, "जोरात मारलं की दोष झाकला जातो. हळू मारून बघ, सगळं उघडं पडतंय. कोपर कुठं गेलं, खांदा कुठं गेला." मला ते पटलं. माझा हात हळूहळू सरळ होत गेला, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत माझी पहिली लढत मी जिंकले. उतरताना तिथले एक पंच म्हणाले, "हात सरळ आहे तुझा. कुणी शिकवलं?" मी चाचांचं नाव सांगितलं. त्या पंचांनी आधी स्वतःच्या नाकाला हात लावला आणि मग हसून मान डोलावली.

दुसरी त्यांची सवय म्हणजे पिवळी चिंधी. आम्हा सगळ्यांच्या उजव्या ग्लोव्हला ते एक हळदी रंगाची चिंधी बांधायचे. चाचींच्या जुन्या ओढणीची होती ती. कारण विचारलं की म्हणायचे, "उजव्या हाताला लई घमेंड असती. सगळं आपल्यालाच येतं असं वाटतं त्याला. त्याला खूण पायजे." आम्ही हसायचो. पण चिंधी नसली तर ते पॅड उचलायचे नाहीत, हेही खरं होतं. आम्हाला वाटायचं, असतो एकेकाचा नेम.

आबा एकदा मला भेटायला आले तेव्हा गॅरेजवर थांबले. मुलगी ठोसे मारते हे त्यांना फारसं आवडलेलं नव्हतं. पण चाचांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि दोघांचं बोलणं बॉक्सिंगवरून एडक्यांच्या टकरीवर गेलं. आबा म्हणाले, "आमच्यात एक जुना एडका हाय. दमलाय आता, पर टकरीची हौस जात न्हाई. तरणा एडका दिसला की जाऊन उभा राहतोच."

"मग काय करता?" चाचांनी विचारलं.

"मी मधी काठी घालतो. त्याचं त्याला कळत न्हाई हो. आपल्यालाच कळावं लागतं."

चाचा खूप वेळ हसले. मग म्हणाले, "बराबर हाय, आबा. फौजेत असा धनगर न्हवता."

मीही हसले होते. ते वाक्य मला आता आठवलं की हसू येत नाही.

कॉलेजच्या मैदानावर नवीन रिंग बांधली, त्याच्या उद्घाटनाला चाचांचा सत्कार ठरला. चाची म्हणाल्या, "सत्कार घ्या आणि खाली या. बाकी काही करू नका." चाचांनी फौजेचा जुना कोट घातला. बटण लागत नव्हतं, तरी घातला. शाल, नारळ झालं. बोलायला माईक दिला तेव्हा ते बराच वेळ तसाच धरून उभे राहिले. एक-दोन शब्द बोलले, मग पुढचा शब्द त्यांना सापडेना. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. ते म्हणाले, "भाषण न्हाई येत. पॅड धरून दाखवतो. मंगल, ये."

मी रिंगमध्ये गेले. त्या दिवशी कॉलेजने नवीन ग्लोव्हज दिले होते, दोन्ही लालभडक. मी पिशवीतून पिवळी चिंधी काढली, तर आयोजकांपैकी एक जण म्हणाला, "ते फडकं कशाला? फोटोत कसं दिसंल?" मी चाचांकडे बघितलं. ते लोकांकडे बघत होते. समोर सगळी परळी बसलेली होती. चाचा म्हणाले, "राहू दे."

आम्ही सुरू केलं. एक. दोन. एक. दोन. आमच्या नेहमीच्या चालीने. पाच-दहा मिनिटांत पोरं शिट्ट्या मारायला लागली. स्टेजवरच्या एका पाहुण्याने माईक जवळ ओढला आणि म्हणाला, "हवालदार, मुलगी ठोसे मारतेय का तुम्हाला ओवाळतेय?" सगळं मैदान हसलं. चाचांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. ते पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जोरात मार."

मी मारलं. त्यांनीच शिकवलेला सरळ हात होता. "एक" बरोबर पॅडवर बसला. "दोन" म्हणाले, आणि माझा उजवा हात निघाला, आणि पॅड आलंच नाही.

तो आवाज मला कसा सांगायचा कळत नाही. वाळलेली काटकी मोडावी तसा होता. चाचा पडले नाहीत. त्यांच्या पांढऱ्या मिशीतून रक्त कोटावर उतरलं. मी दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी राहिले. आणि चाचांनी पॅड पुन्हा वर केले. दोन्ही, आता कुठे बरोबर जागेवर. म्हणाले, "थांबलीस कावून? बराबर होता. दोन."

खेळाचे सर धावत आले, तोवर ते "दोन, दोन" म्हणत उभे होते.

नाक वाकडं झालं ते झालंच. डॉक्टरांनी जमेल तेवढं बसवलं. पण मला धक्का बसला तो दवाखान्याच्या बाहेर. चाची पायरीवर बसल्या होत्या. मी रडत होते, माफी मागत होते. त्या मला म्हणाल्या, "तू कावून रडती? त्यांना तुझा उजवा हात दिसलाच न्हाई. डाव्या डोळ्यानं त्यांना काही दिसत न्हाई, बेटा. खेळायच्या शेवटच्या वर्षात डोळ्याचा पडदा सुटला. सोडा म्हणलं, सोडलं न्हाई. पोरं तरणी येत गेली, हे म्हातारे होत गेले, तरी उभे राहायचे. घरी आले की सगळे म्हणायचे, नाक सलामत हाय. मारणाऱ्यांनी नाक सोडून बाकी सगळं मारलं."

त्या सांगत गेल्या. चहा कपाच्या बाजूला ओततात. रोजच्या रस्त्यावर वळण चुकतात. शब्द जातात. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला बसलेले मार उशिरा हिशेब मागतात.

तेव्हा मला एकेक गोष्ट कळायला लागली. उजव्या हाताची घमेंड काही नव्हती. माझा उजवा हात त्यांच्या आंधळ्या बाजूने यायचा. पिवळी चिंधी माझ्यासाठी नव्हती, त्यांच्यासाठी होती. "हळू" ही शिकवायची पद्धत नव्हती. जोरातला ठोसा त्यांना आता गाठता येत नव्हता. ज्या गोष्टीला आम्ही विद्या समजत होतो, ती त्यांनी झाकलेली आंधळी बाजू होती. आणि तरी माझा हात सरळ झाला होता, हेही खोटं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

परळीत बोलणं सुरू झालं. "पोरीनं परळीचं नाक कापलं," असं मेसमध्ये, बसस्टँडवर, कॉलेजात. मुलं मला बघून नाकावर हात ठेवायची. आबांच्या कानावरही गेलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "मधी काठी घालायला कुणी न्हवतं का गं?" मी बॅगेवर जायचं सोडलं.

मग एक दिवस हिंमत करून चाचांकडे गेले. ते अंगणात बसले होते. नाक डावीकडे वळलेलं, जणू त्या न दिसणाऱ्या बाजूला बघायला निघालेलं. मी म्हटलं, "चाचा, माफ करा." ते म्हणाले, "बॉक्सिंगमधी माफी मागितली तर समोरच्याला आभार मानावे लागत्यात. मला न्हाई येत ते." मग त्यांनी मला दुसऱ्याच एका मुलीच्या नावाने हाक मारली आणि सराव कसा चाललाय विचारलं. मी बरा चाललाय म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बॅगेवर जायला लागले.

त्यांचा मुलगा हैदराबादला असतो. तो त्यांना आणि चाचींना घेऊन जायला आला. मी स्टेशनवर गेले. चाचींसाठी सीताफळं घेतली होती. प्लॅटफॉर्मच्या बाकावर चाचा बसले होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. शेजारी एक फळविक्रेते बसले होते, जुनी ओळख असावी. ते माझ्याकडे तिरकं बघत मुद्दाम म्हणाले, "हवालदार, एवढं जपलेलं नाक, शेवटी मोडलं कुणी?"

मी खाली बघितलं. ही गोष्ट आता माझ्यासमोर, स्टेशनवर, पुन्हा एकदा होणार होती.

चाचांनी नाकाला हात लावला. म्हणाले, "फायनलला. परदेशात."

"काय सांगता? लोकं तर वेगळंच बोलत्यात."

"लोकं होती का तिथं? मी होतो. समोरचा लई तयार होता. सरळ हात. मला दिसलाच न्हाई." मग म्हणाले, "असा हात एखाद्यालाच असतो."

मी चाचांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खरंच विसरले होते, की मला सोडवत होते? माझा ठोसा त्यांच्या आठवणीत जाऊन फायनलचा झाला होता, की माझ्यावरचं बोट त्यांनी आपल्या हाताने बाजूला केलं होतं? मला कळलं नाही. चाचींकडे बघितलं तर त्या पिशवी बांधत होत्या.

गाडी आली. सामान चढलं. चाचा खिडकीशी बसले, डावी बाजू आत, उजवी बाजू प्लॅटफॉर्मकडे. गाडी हलली तसा मी निरोपाला हात वर केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि बोटाने माझा दुसरा हात दाखवला, जो खाली राहिला होता.