अक्कानं बेसनाचे ग्रह वळले तो दिवस

सगळ्यात आधी घरात घुसली ती मुलाची आत्या.

बाकीचे पाहुणे बैलगाडीतून उतरायलेत, तर ही सरळ चुलीपाशी. नाकात एवढी मोठी नथ, बोलताना नुसती हलायची.

आज सकाळी माझी थोरली बहीण अक्का गेली. घरात सगळे रडायलेत, अन् मला ती आत्याच आठवायलीय. नातीनं मोबाईलवर टाइप करायला शिकवलंय, म्हणून लिहिते.

निजामाचं राज जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची पिंगळीची शाळा उर्दूची मराठी झाली होती. मी दुसरीतूनच शाळा सोडली.

अक्काला मात्र सातवी करायचीच होती.
पण सोयरीक जमली की शाळा बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

त्या दिवशी पोखर्णीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलीनं लाडू एकसारखे वळलेत का, हे तेव्हा आवर्जून बघायचे.

माय पाण्याला गेली. अक्कानं लाडवाच्या बेसनाचे गुरुजींनी शिकवलेले ग्रह वळले. पाहुणे यायच्या आत मोडून पुन्हा नीट वळणार होती.

आत्यानं परातीत बघितलं.
एक लाडू नारळाएवढा, एक त्याहून जरा बारका, दोन लिंबाएवढे. बाकीचे हरभऱ्याएवढे अन् ज्वारीच्या दाण्याएवढे.

"पोरीला लाडू बी वळता येत न्हाईत का?"

माय दारातच. डोक्यावर घागर तशीच.

"येतात की आत्याबाई," अक्का म्हणाली. "हा गुरू, हा शनी. अन् हा हरभऱ्याएवढा म्हंजे आपली पृथ्वी."

मुलाचे वडील मागून आले होते. ते खालीच बसले. पृथ्वी तळहातावर घेतली.

"एवढ्यात सगळं जग?"
"हौ मामा."
"मंग निजामाचं राज केवढं व्हतं गं?"
"ह्यात ते दिसणार बी न्हाई."

लय हसले. पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

आत्या म्हणाली, "दादा, पोरगी जास्तच शिकलीय."
"न्हाई, अजून कमी शिकलीय. आधी सातवी होऊ द्या, मंग लगीन."

आत्यानं तोंड वाकडं केलं, अन् गुरू उचलून खायला बसली. निम्मासुद्धा सरला न्हाई.

अक्का सातवी झाली. सासरी पोखर्णीत पोरींना लिहा-वाचायला शिकवलं ते तिनंच.

नीट जा अक्का. तू जिंकून गेलीस गं.

गाडीत बसताना तुझे सासरे बोलले ते अजून कानात हाय:
"सातवीचा निकाल लागू द्या. त्याच्या पुढच्या सोमवारी सुपारी घेऊन येतो."