जावयाचे निर्बंध

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. या गोष्टीवर कोणी हसलं की मला वाईट वाटायचं, तेही आता बंद झालंय.

मी भिवंडीत एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय कायदा हा माझा विषय. आंतरराष्ट्रीय संस्थांकडे ना पोलीस, ना तुरुंग, तरी मोठमोठे देश त्यांचं का ऐकतात, हे मी मुलांना इतकी वर्षं सांगत आलोय की एक दिवस माझाच त्यावर विश्वास बसला. घोटाळा तिथेच झाला.

माझी सासुरवाडी कशेळीची. दोन मेव्हणे, थोरले हिराशेठ आणि धाकटे जनाशेठ. घरं शेजारी शेजारी, अंगण एकच, बोलणं बंद. का, तर हिराशेठनी गॅलरी काढली ती जराशी अंगणावर आली. म्हणून जनाशेठनी आपला टेम्पो आणून अंगणाच्या मधोमध उभा केला. तो तिथेच.

अशात हिराशेठच्या मुलीचं, प्राजूचं लग्न ठरलं. आता तिकडची हळद म्हणजे काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला माणूस नाही गेला तरी चालतं, हळदीला अख्खा गाव लागतो. आणि ती व्हायची दारातच. टेम्पो हलला नाही तर मांडव घालणार कुठे? कुणीतरी हॉलचं नाव काढलं तर प्राजू रडायलाच लागली.

"माझ्या दारात हळद नाही तर मला लग्नच नको," बोलली.

पोरगी माझी लाडकी. मी पुढे सरसावलो. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, "तुमी मधे पडू नका. तुमाला तोंडावर न्हाय कोन बोलनार?"

मी ऐकलं नाही. बायकोचं ऐकायचं तर मग शिकलो कशाला?

आधी हिराशेठकडे गेलो. "तुमी बोलाल तसं, जावईबापू." मग जनाशेठकडे. "तुमच्या शब्दाच्या भायेर हाव का आमी?" दोन्हीकडे तळलेले बोंबील झाले. मी खूश. झाला करार!

आठवड्याने बघतो तर टेम्पो जागेवर. पुन्हा गेलो, तीव्र चिंता व्यक्त केली. पुन्हा "तुमी बोलाल तसं", पुन्हा बोंबील. टेम्पो ढिम्म. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सासुरवाडीत जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि त्याने सांगितलेलं करायचीही नाही. देश सह्या करतात आणि घरी जाऊन झोपतात, हे मीच तर वर्गात शिकवतो.

मग उरलं काय? निर्बंध. अंगणात उभा राहिलो आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "परिस्थिती सुधारेपर्यंत मी या दोन्ही घरांत पाण्याचा थेंबही घेणार नाही." कुणाचं नाव घेतलं नाही, टेम्पोचंही नाही. आंतरराष्ट्रीय शिष्टाचार. आणि स्कूटरला किक मारून भिवंडीत टेमघरला घरी आलो.

काय सांगू, दोन दिवसांत टेम्पो गायब! मी वर्गात नेहमीपेक्षा जास्त वेळ शिकवलं.

हळदीला गेलो तर अंगणभर मांडव, प्राजू हळदीने माखलेली, आणि दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसलेले. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणीही आलं.

तेवढ्यात डीजे थांबला. हिराशेठनी माईक घेतला. "मंडळी, आमचे जावईबापू रुसले व्हते. लग्नाचं घर हाय, जावयाचा मान ऱ्हायला व्हता. चूक आमची." आणि जनाशेठनी डबीतून काढली सोन्याची चेन.

म्हणजे बघा. लग्नघरात जावई जेवायला नाही म्हणाला की तो रुसला, आणि रुसला म्हणजे त्याला काहीतरी हवंय. हे कशेळीत शेंबड्या पोराला कळतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

"अहो, हे कशाला?" मी पुटपुटलो.

जनाशेठ कानाशी आले. "आता गपचूप घ्या. तुमाला काय द्यायचं त्याच्यासाठी आमी दोघं एकत्र बसलो. टेम्पो बी तुमचा मान भर मांडवात करायचा म्हनून काढला."

"पण मला चेन नको होती. मला तुमचा समेट हवा होता."

हिराशेठचा चेहरा पडला. "म्हंजे, कमी पडली?"

"तरी मी बोललो व्हतो, कडं देऊ," जनाशेठ म्हणाले.

"तू बोलला व्हतास? का मी?"

"आवाज कुनावर चढवतोस रं? टेम्पो आता आनू का परत?"

पलीकडे प्राजू आमच्याकडेच बघत होती. मी मान खाली घातली. चेन पडली गळ्यात. गावाने टाळ्या वाजवल्या, डीजे सुरू झाला. बायकांच्या घोळक्यात माझ्या बायकोने कपाळाला हात लावलेला मला तिथूनही दिसला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "भावांना लुबाडलंत माझ्या." मी चेन काढून ठेवली आणि आडवा झालो. दमलो होतो.

परवा हिराशेठच्या घरून वहिनींचा फोन आला.

"जावईबापू, घरात पूजा हाय आनि टेम्पो परत अंगनात आलाय. जरा येऊन रुसता का? फक्त या टायमाला थोडं स्वस्तात रुसा."