कप्पेसाहेबांची तिसरी डिस्क

ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरखोलीत रुजू झाले तेव्हा त्यांना आडनाव होतं. महिन्याभरात ते कप्पेसाहेब झाले. युनिक्सच्या सर्व्हरला चार डिस्क होत्या, आणि त्यांचे कप्पे पाडणं हे साहेबांचं जीवितकार्य. सिस्टिमचा कप्पा, लॉगचा कप्पा, सूचीचा, बॅकअपचा. सगळ्याचा रंगीत नकाशा भिंतीवर, आणि त्याला कुणी बोट लावायची सोय नाही.

घरीही तीच तऱ्हा. कपाटात बायकोचे दोन खण ओसंडून वाहायचे, यांचा निम्मा रिकामा.

"अहो, तुमच्यात माझे स्वेटर ठेवू का?"

"एकदा हद्द ठरली की ठरली!"

ग्रंथालयातल्या सूचीवाल्या बाईंनी अकरा वर्षं मान मोडून पन्नास हजार पुस्तकांची सूची टाइप केली होती. तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. एकदा त्यांनी सूचीची प्रत लॉगच्या कप्प्यात ठेवली, तर साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. "ही जागा सर्व्हरच्या नोंदींची आहे, बाई! आजच्या आज उचला."

बाई "बरं" म्हणाल्या.

आणि एका सकाळी तिसऱ्या डिस्कने मान टाकली. सूची गेली. "घाबरता काय? बॅकअपचा वेगळा कप्पा आहे," असं म्हणत साहेब ऐटीत नकाशापाशी गेले आणि तिथेच थिजले. कप्पा वेगळा होता, रंगही वेगळा होता. डिस्क मात्र तीच, तिसरी. सूची आणि तिचा बॅकअप शेजारीशेजारी शोभून दिसतात म्हणून त्यांनीच ते तसे मांडले होते.

बाई दारात आल्या. "माझी सूची?"

बाईंची अकरा वर्षं आपण मातीत घातली, या विचाराने साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लॉगच्या कप्प्यात बघा," बाई म्हणाल्या. "मी उचलली नव्हती, नुसतं नाव बदललं होतं. रोज घरी जाताना ताजी प्रत ठेवते."

लॉगच्या कप्प्याची डिस्क वेगळी होती, शाबूत. प्रत होती, कालच्या संध्याकाळपर्यंतची. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि बाईंना हात जोडले.

घरी गेल्यागेल्या त्यांनी आपला खण उघडला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आजपासून तुझे स्वेटर यात ठेव हो."

"ठेवतेय की," बायको म्हणाली. "चार वर्षं झाली. तुमच्या शर्टांच्या मागे हात घालून बघा."