चढावरचा शेवटचा नळ

त्यांचं खरं आडनाव नगरपालिकेच्या हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना थेंबे म्हणायचे. सकाळी खांद्याला पिशवी अडकवून निघायचं, दारोदारच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरायचं, त्यात औषधाचे मोजके थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, ही त्यांची नोकरी. पाणी पिवळं झालं म्हणजे टाकीत घातलेलं जंतुनाशक तिथवर पोचलं, प्यायला हरकत नाही. रंगच आला नाही तर धावपळ. एकदा कोणीतरी लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. व सौ. थेंबे' असं लिहून ती घरी आणून दिली, तेव्हा बायको म्हणाली की एका जन्मात आडनाव दोनदा बदललेली आपण एकटीच असू.

ही फार जुनी गंमत. गेली अकरा वर्षं थेंब्यांच्या घरी कोणी त्यांच्या नोकरीवरून विनोद करत नाही. बायकोनं पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला की हा माणूस तो उचलून खिडकीकडे धरतो आणि बघत राहतो. पाणी स्वच्छच असतं. त्याच्या स्वच्छपणाचीच त्यांना भीती वाटते, हे बायकोला कसं कळणार? तिला वाटतं, वय झालं.

या कामाचा एक नियम आहे, आणि तो पोरालाही समजेल इतका सोपा आहे. नमुना पाइपलाइनच्या शेवटच्या नळाचा घ्यायचा. टाकीशेजारी पाणी चांगलंच असणार. जसजसं ते पुढे जातं तसतसं औषध विरत जातं, आणि मध्ये कुठे काही बिघडलं असेल तर ते शेवटच्या घरालाच कळतं. थेंब्यांच्या भागात शेवटचं घर होतं चढावर, एकशे बारा पायऱ्या वर. चढाच्या पायथ्याशी एक शिंपीणबाई राहायची. तिच्याकडे अंगणात नळ, नळाशेजारी खुर्ची आणि हाक मारायच्या आत चहा.

त्या वर्षी थेंब्यांचा उजवा गुडघा सुजला. एका सकाळी त्यांनी शिंपीणबाईच्याच नळाचं पाणी नळीत धरलं, ते छान पिवळं झालं, आणि रजिस्टरमध्ये त्यांनी नाव लिहिलं वरच्या घराचं. पाइप एकच, पाणी एकच, वर चढताना पाणी थोडंच दमतं, असं त्यांनी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी समजावावंही लागलं नाही. पाच आठवडे गेले. गुडघा तिसऱ्याच आठवड्यात बरा झाला होता, हेही सांगून टाकायला हवं. सोय अंगवळणी पडली की दुखण्याचं निमित्त लागत नाही.

सहाव्या आठवड्यात वरच्या घरातली धाकटी गेली. चार वर्षांची होती. दोन दिवस उलट्या-जुलाब, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी आईबाप रिकाम्या हातांनी पायऱ्या चढून आले.

मग नगरपालिकेतले साहेब आले. चौकशीला येतात तसे आले, दोन माणसं आणि एक छत्री बरोबर घेऊन. थेंब्यांनी रजिस्टर पुढे धरलं. साहेबांनी बोट फिरवलं: पिवळा, पिवळा, पिवळा, पाच आठवडे एकही दिवस खाडा नाही. साहेबांनी थेंब्यांची पाठ थोपटली. मग ते त्या आईकडे वळले आणि सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर तिला घरातल्या स्वच्छतेचा पाठ देऊ लागले. नळाचं पाणी उत्तम आहे, म्हणजे दोष घरात आहे. भांडं झाकलं होतं का? पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आहे का, की हात बुडवता? हात धुता का? साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. आईनं मान खाली घालून सांगितलं की भांडं उघडं होतं, ओगराळं नव्हतं, आणि पोरीला पाणी आपणच दिलं, हात न धुता. साहेबांनी दारावर स्वच्छतेचं पत्रक चिकटवलं आणि ते निघून गेले.

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी उजाडताच थेंबे एकशे बारा पायऱ्या चढले. त्या घराच्या बाहेरच्या नळाला त्यांनी नळी लावली, थेंब टाकले, अंगठ्यानं तोंड दाबून हलवली. काही झालं नाही. आणखी थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, नितळ, आरपार. त्यांनी नळी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा तेच. ते तिथेच पायरीवर बसले.

उतरताना त्यांना जागा सापडली. साठाव्या पायरीशी गटार ओलांडताना पाइपाचा सांधा सुटला होता. नळ सुरू असताना तिथून पाणी बाहेर गळायचं आणि नळ बंद झाला की रिकामा पाइप गटारातलं पाणी आत ओढून घ्यायचा. पुढच्या वेळी ते पहिल्यांदा वर जायचं, शेवटच्या घरात. थेंब्यांनी फिटरला सांगितलं की गळती आहे, दुपारपर्यंत सांधा बदलून झाला, आणि कोणी काही विचारलं नाही. त्यांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. पोरगी काही परत येणार नव्हती; नोकरी मात्र गेली असती. हा हिशेब त्यांनी त्या दिवशी केला, आणि त्याची लाज त्यांना त्याच दिवशी वाटली. दोन्ही खरं आहे.

तेव्हापासून अकरा वर्षं ते रोज वर चढत आले. पाऊस असो, ताप असो, रजेच्या दिवशीसुद्धा. सगळ्यात आधी तोच नळ. गुडघा सुजण्याआधीच्या दिवसांत धाकटी त्यांची वाट बघत उभी असायची. नळी हलवली की कोपराला लोंबकळून म्हणायची, "खाली धरा ना, मला रंग बघायचाय." आता तिथे कोणी नसतं, हे थेंब्यांना पक्कं ठाऊक आहे, वेड लागलेलं नाही त्यांना. तरी नळी पिवळी झाली की त्यांचा हात आपोआप खाली येतो, चार वर्षांच्या मुलाला दिसेल इतका, आणि थोडा वेळ तिथे थांबतो. कोपराला काहीतरी हलकं लागतं. मग ते नळी रिकामी करतात आणि रजिस्टर उघडतात.

आणि घराकडे बघायचं टाळायचं म्हटलं तरी घर दिसायचंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ वाफ यायची. आई पाणी उकळायची, गाळायची, आणि पुन्हा उकळायची. भिंतीचा रंग वाफेनं पोपडे धरून गळून गेला होता. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आसपासचे लोक तिला उकळीवाली म्हणायचे. आधी हसून, नंतर सवयीनं. नवरा मालाच्या गाडीवर, आठवड्यातून एकदा घरी. उरली ती आणि थोरली मुलगी. थोरली थेंबे दिसले की आत जायची. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

एकदा मोठं पातेलं उतरवताना आईचा हात कोपरापर्यंत भाजला. पट्टी बघून थेंब्यांच्यानं राहवलं नाही. ते म्हणाले की ताई, पाणी चांगलं आहे, मी रोज बघतो, एकदा उकळलंत तरी पुष्कळ, एवढं मोठं पातेलं उचलू नका. तिनं त्यांच्याकडे शांतपणे बघितलं.

"तेव्हाही चांगलंच होतं ना, काका?" ती म्हणाली.

थेंबे पायऱ्या उतरू लागले. सांगून टाकायचं, उद्याच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या बाईनं विनाकारण लेकीचं मरण आपल्या हातांवर घेतलं आहे, आणि ते उतरवू शकणारा जगात एकच माणूस आहे, हे त्यांना कळत होतं. पण उद्या उजाडला की तोंड उघडायचं नाही. अशी अकरा वर्षं. बोलायचा दिवस एकदा हुकला की पुढचा प्रत्येक दिवस जास्त अवघड होत जातो, आणि भित्रा माणूस त्याचंच निमित्त करतो.

शेवटी निवृत्तीचा दिवस आला. दुपारी नगरपालिकेत निरोपाचा कार्यक्रम होता. साहेब बदलले होते, भाषणं तीच होती. थेंबे सकाळी शेवटचे वर चढले. नळी पिवळी झाली. ते रजिस्टर पिशवीत घालत होते तेव्हा आईनं दारात खुर्ची आणून ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"उद्यापासून तुम्ही येणार नाही, म्हणून आज विचारते," ती म्हणाली. "त्या आठवड्यात आमच्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः बघितलं होतं ना? या नळाचं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एकच अक्षर, आणि चार तासांनी नोकरी निष्कलंक संपली असती. थेंब्यांनी तिच्या चिरा पडलेल्या बोटांकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर पडलं. गुडघा, शिंपीणबाईचा नळ, पाच आठवड्यांचं खोटं रजिस्टर, रंग न आलेली नळी, गटारावरचा सुटलेला सांधा, फिटरला सांगितलेली अर्धी गोष्ट. ती मारेल, किंचाळेल, माणसं गोळा करेल असं त्यांना वाटलं होतं. खरं म्हणजे तिनं ते करावं असं त्यांना फार वाटत होतं. ती फक्त ऐकत राहिली.

"म्हणजे घाण बाहेरून आली," ती शेवटी म्हणाली. "भांड्यातून नाही. हातातून नाही."

"नाही, ताई. तुमचा काही दोष नव्हता."

"माझं मी विचारतच नाहीये." ती म्हणाली. "मी त्या दिवशी घरी कुठे होते? थोरलीनं दिलं होतं ते पाणी. नऊ वर्षांची होती. मातीत खेळून आली आणि त्याच हातानं पेला बुडवून बहिणीला दिला. साहेब सगळ्यांसमोर विचारायला लागले, तेव्हा मी म्हटलं, मी दिलं. पण तिला तर माहीत आहे ना कोणी दिलं ते."

 अकरा वर्षं आपण एका बाईच्या जिवाला घोर लावला म्हणून थेंबे झुरत होते, आणि ती एकटी नव्हती.

आईनं सांगितलं की थोरलीला बालवाडीत काम मिळालं आहे, तीन आठवडे झाले, पत्र तसंच फळीवर पडलंय. जात नाही. मुलं पाणी मागतील म्हणते. घरात ती अजून कोणाला पाण्याचा पेला देत नाही, बापालासुद्धा. एवढं सांगून तिनं आत हाक मारली.

थोरली दारात येऊन उभी राहिली. वीस वर्षांची, उंच, हात ओढणीच्या आत घेतलेले. थेंबे खुर्चीतून उठले.

"मला सांगितलंत तसंच हिला सांगा," आई म्हणाली. "एक शब्द कमी करू नका."

त्यांनी पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली. आधीपेक्षा हे कितीतरी जड गेलं. या वेळी कुठे काय येतं ते त्यांना माहीत होतं. मुलगी जमिनीकडे बघत होती. नळीला रंग आला नाही तिथे ते पोचले, तेव्हा ती मध्येच बोलली, आणि तो आवाज वीस वर्षांच्या मुलीचा वाटला नाही.

"पण मी हात धुतले नव्हते."

"धुतले असतेस तरी पाणी तेच होतं, बाळ," थेंबे म्हणाले. "साबणानं धुऊन दिलं असतंस तरी तेच झालं असतं. ते मी बघायला हवं होतं."

तिनं मान वर केली. ओढणीतले हात बाहेर काढून ते तिनं थोडा वेळ उलटे-पालथे करून बघितले. मग तिनं थेंब्यांकडे बघितलं, सरळ, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तुम्ही तर अकरा वर्षं रोज येत होतात," ती म्हणाली.