पंपाच्या रंगाची गिटार

उंब्रजला हायवेच्या कडेला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटारी भरायचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. उसाला पाणी देताना पंप जळाला की लोक मोटार बैलगाडीत घालून आणत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते, तेव्हा आबांच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळायला शिकले.

दादा सांगलीला कॉलेजात होता. एका सुट्टीत तो मिरजेतल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राची इलेक्ट्रिक गिटार पोत्यात गुंडाळून घेऊन आला. रंगाचे पोपडे निघालेले, काही खुंट्या गायब आणि आवाज अजिबात नाही.

"तायडे, हिला जिवंत कर," तो म्हणाला. "गॅदरिंगला दोघं मिळून वाजवू. एक गाणं तुझं."

तारांखाली एक छोटी कॉइल होती, तिची तार आत कुठंतरी तुटलेली. जुन्या रेडिओतली केसासारखी तार सोडवून मी कॉइल पुन्हा भरली. तार सारखी तुटायची, मी रडकुंडीला यायची. लाकूड घासून पंपांसाठी आणलेला निळा रंग दिला, रेडिओची बटणं बसवली. दादानं खुंट्या मिळवल्या. रेडिओला जोडून पहिली तार छेडली तेव्हा बाकावरची गिऱ्हाईकं उठून आत आली.

मग दादानं दाखवलं तेवढ्यावर मी दुपारी वाजवत बसायची. बोटं सोलली, पण गाणं बसलं.

गॅदरिंगच्या दिवशी आबा आणि मी एसटीनं सांगलीला गेलो. मी आईची जांभळी साडी नेसले होते. "बोलावतो तुला," असं सांगून दादा स्टेजमागं गेला. मी बायकांच्या खुर्च्यांत पुढं बसले.

तो छान वाजवत होता. मधेच निवेदकानं विचारलं, "ही गिटार कुठली?"

दादा माईकवर म्हणाला, "मुंबईच्या एका कारागिराकडून खास बनवून घेतलीय."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता हसेल आणि माझ्याकडं बोट दाखवील. त्यानं गिटार शेजारच्या मित्राच्या गळ्यात अडकवली आणि त्या मित्रानं माझं गाणं वाजवलं. मी पदर गच्च धरून बसले. 

कार्यक्रम संपल्यावर आबा आणि मी बाहेर त्याला गाठलं. "दादा, माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"बहिणीनं पंपाच्या दुकानात बनवली म्हटलं असतं, तर हसली असती पोरं."

"आणि माझं गाणं?"

तो घड्याळाकडं बघायला लागला. मी आबांकडं पाहिलं. गिटारीची कॉइल भरताना माझी तार तुटली की कंदिलाशी धरून तेच जोडून देत असत.

"त्यात काय एवढं," आबा म्हणाले. "घरातलंच हाय की."

दादाचं मी कसंबसं गिळलं असतं. आबांचं ते वाक्य मात्र उंब्रजपर्यंत एसटीत माझ्या शेजारी बसून आलं.

पुढच्या सुट्टीत दादानं गिटार पुन्हा माझ्यासमोर ठेवली. आवाज बंद पडला होता. मी हातातली मोटार भरत राहिले. तो ती कराडच्या रेडिओवाल्याकडं घेऊन गेला. त्या माणसानं कॉइल उसकटून ठेवली. नंतर ती गिटार कुणाला दिली, मी विचारलं नाही.

मोटारी मी लग्नापर्यंत भरल्या. आबांनी एकदा मी भरलेली मोटार दाखवून बाहेरच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, "हे पोरीचं काम हाय." मी मान वर केली नाही.