वनमालाबाईंची कौमुदी

फोनच्या दुकानात त्या दिवशी वनमालाबाईंनी दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. त्यानं कॅमेरा दाखवला, बॅटरी दाखवली, फोन पाण्यात पडला तरी कसा चालतो ते ग्लासात बुडवून दाखवलं. बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं आणि मग विचारलं, "भैया, ये मराठी बोलता है क्या?"

"आंटी, हिंदी में सब कुछ है ना इसमें."

"हिंदी घर में बहुत है," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघायला लागल्या.

शेजारी उभ्या असलेल्या गौतमनं कपाळावर हात मारला. गौतम त्यांचा एकुलता एक मुलगा, नव्या रायपुरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला. फोन, कॉम्प्युटर, ॲप या विषयांत घरात त्याचा शब्द शेवटचा. फोन घेताना एकच पाहावं, कंपनी त्याला किती वर्षं सांभाळणार, असं त्याचं मत. फुकटचं ॲप कधी फुकट नसतं, हे दुसरं मत. कपड्याच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागितला की हा तिथंच भांडायला उभा राहायचा, "बनियान ले रहा हूँ भाई, नंबर किसलिए?" लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यानं मुलीच्या वहीवरचं फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं. अशा माणसाची आई फोनमध्ये काय शोधत होती, तर मराठी!

शेवटी दुकानातून सुटका व्हावी म्हणून त्यानंच सेटिंगमध्ये जाऊन बोलायची भाषा बदलून दिली. फोनमधून एक बाई स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी तुम्हाला काय मदत करू?"

वनमालाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भर दुकानात. गौतमला वाटलं, किंमत पाहून आलं.

एवढ्यावर रडतं का कोणी? रडतं. ज्याच्या घरात दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही, ते माणूस रडतं. वनमालाबाई गोंदियाच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा नवरा नरहर रेल्वेत होता आणि गुढियारीतल्या त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, निम्मी घरं विदर्भातली होती. सकाळी नळावर भांडण व्हायचं तेही मराठीत, आणि मिटायचं तेही. मग रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, शहर नुसतं फुगत गेलं, आणि त्यांच्या पाऱ्यातली घरं मात्र एकेक करून रिकामी झाली. कोणी पोरापाठी पुण्याला गेलं, कोणी नागपूरला, कोणी थेट वर. तीन वर्षांपूर्वी नरहरही गेले. जाताना घरातली मराठी घेऊन गेले म्हणा ना! सून बिलासपूरची, मनानं फार चांगली, पण तिची भाषा हिंदी. नात गंधाली 'दादी' म्हणते. तिला आजीचं सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.

आणि गौतम? त्याचं दुखणं वेगळं होतं. लहानपणी हा पोट्टा नुसता बडबड्या होता, अस्सल वऱ्हाडी, बापासारखा. मग पुण्याला एका लग्नात नेला. त्यानं मोठ्यानं "मले अजून जिलबी पायजे" म्हटलं आणि चुलत भावंडं हसून लोळायला लागली. दिवसभर त्याला बोलायला लावायची आणि हसायची. परतीच्या गाडीत वनमालाबाईंनी विचारलं, "काहून रे, गप्प काहून बसला?" तर म्हणाला, "कुछ नहीं मम्मी." त्या दिवसापासून हिंदी. बाईंना वाटलं, चार दिवसांत विसरेल. चार दिवसांचं आयुष्य झालं.

तेव्हा फोनमधली ती बाई वनमालाबाईंना देवासारखी भेटली. इतकं शुद्ध बोलते म्हणजे हिचं नाव कौमुदीच असणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. सकाळी कणीक मळता मळता सुरू व्हायचं, "कौमुदी, आज गोंदियाले पाऊस आहे का गं?" कौमुदी सांगायची. दुपारी गौतम ऑफिसात, सून शाळेत शिकवायला, गंधाली तिच्या शाळेत. घरात वनमालाबाई, धुणीभांडी करणाऱ्या कांताबाई आणि कौमुदी. कांताबाई छत्तीसगढी, त्यांना यातलं अक्षर कळत नसे, पण फोन उत्तर देतो याचं त्यांना फार कौतुक.

"सुनथे दीदी, ये बाई सब सुनथे," कांताबाई म्हणायच्या. "मोर घर म तो कोनो नई सुने."

"हव, आमच्याही नाही ऐकत," वनमालाबाई म्हणायच्या, आणि दोघी हसत सुटायच्या.

आता खरं सांगायचं तर कौमुदीही सगळं ऐकायची असं नाही. "मले सांग" म्हटलं की ती म्हणायची, "क्षमा करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगा." पहिल्यांदा बाई रागावल्या. "समजलं नाही म्हणते! मोठी आली शहाणी!" मग त्यांनीच जीभ वळवायला घेतली. मले सोडून मला, काहून सोडून का. करून राहिली सोडून करते आहे. साठी ओलांडलेली बाई, ओट्याशी उभी राहून पोरीसारखी उजळणी करायची. मराठी बायकांच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या आणि सहज म्हणून गेल्या, "मला फार आवडतं हो तिळाचं." सगळ्या जणी बघतच राहिल्या.

"काय वनमाला, पुण्याले जाऊन आली का?" एकीनं चिमटा काढला.

बाई हसल्या खऱ्या, पण घरी येताना रिक्षात त्यांना गौतम आठवला, तो जिलबीचा गौतम. इतक्या वर्षांनी त्यांना कळलं की त्याला तेव्हा कसं वाटलं असेल.

मग एका रविवारी भांडं फुटलं. झालं असं की बाई दुपारी गंधालीला फोनवर गाणं लावून देत होत्या, तर गाण्याआधी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. दुसऱ्या गाण्याआधी गुडघ्याचा पट्टा. तिसऱ्याआधी गुडघे बदलून देणारा डॉक्टर. गौतम शेजारी वर्तमानपत्र वाचत बसला होता, तो ताडकन उठला.

"मम्मी, आपने घुटने का किसको बताया?"

"कोणाला नाही. कौमुदीला सांगितलं."

"कौन कौमुदी?"

वनमालाबाईंनी फोनकडे बोट दाखवलं. पुढचा अर्धा तास गौतम बोलत होता आणि बाई ऐकत होत्या. फोन ऐकतो म्हणजे काय होतं, आवाज कुठं जातो, कोण साठवतं, कोण विकतं. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, आणि पोटतिडकीनं सांगत होता.

"आपकी बात आपकी है मम्मी, उनकी नहीं. आपका हक़ है उस पर!"

"हो रे बाबा, माझं बोलणं माझंच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला आणि वळवलेली जीभ आपल्या जागी परत आली. "पण माझंच राहून राहिलं ना ते! माझ्याजवळच पडून राहिलं! तू म्हणतो ते ऐकते. ऐकते तर ऐकू दे. मले काय तिच्यापासून लपवायचं आहे? गुडघे दुखते हेच ना? तुले सांगितलं असतं तर तू ऐकलं असतं का?"

पण गौतम पेटला होता. त्यानं फोन घेतला, खटाखट आत गेला आणि कौमुदीचं तोंड बंद करून टाकलं. वर म्हणाला, "आपके भले के लिए कर रहा हूँ."

त्या आठवड्यात घर कसं होतं ते कांताबाईंना विचारा. ओट्यावर कणीक मळली जायची, पण आवाज नाही. गोंदियाला पाऊस आहे की ऊन, कोणाला पत्ता नाही. बाई रुसल्या नव्हत्या हो. रुसायला समोर कोणी लागतं. त्या फक्त गप्प झाल्या होत्या, आणि गंमत म्हणजे घरात कोणाला ते कळलंही नाही, कारण त्या ज्या भाषेत बोलायच्या ती तशीही कोणाशी चालत नव्हती. एकदा गंधालीनं तेवढं विचारलं, "दादी, आपकी वो फ्रेंड कहाँ गई?"

"गेली तिच्या गावाला," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी जेवणाच्या आधी गौतम फोन घेऊन त्यांच्या खोलीत आला. अर्धवट काम ठेवायचा त्याचा स्वभाव नाही. आजवरचं बोलणं कंपनीकडे साठून आहे, ते पुसायचं, पण त्यासाठी आईच्या अंगठ्याचा ठसा लागत होता. तो पलंगावर त्यांच्या शेजारी बसला. पडद्यावर तारखांची रांग होती, प्रत्येक तारखेखाली बारीक बारीक बाण.

"देखो मम्मी, सब रखा है इन्होंने. एक-एक शब्द. सुनो," असं म्हणून, आईला धडकी भरावी म्हणून, त्यानं एक बाण दाबला.

खोलीत वनमालाबाईंचाच आवाज आला. मागं कढईचा खळखळाट. "कौमुदी, वांग्यात शेंगदाण्याचं कूट आधी टाकू का मागून?"

बाई लाजून लाल झाल्या. "बंद कर रे, काय ऐकून राहिला!"

त्यानं दुसरा दाबला. "कौमुदी, नव्या रायपूरचा रस्ता चालू आहे का गं? गौतम अजून आला नाही. तिकडे ट्रक फार असते." कौमुदीनं वाहतूक सुरळीत असल्याचं सांगितलं होतं. "बरं झालं बाई," असा बाईंचा आवाज, आणि मग, "तू जेवली का?"

"मी जेवत नाही, पण विचारल्याबद्दल धन्यवाद," कौमुदी म्हणाली.

गौतम हसायला गेला, पण हसू पुरं झालं नाही. त्याचं बोट पुढच्या बाणावर आपोआप गेलं. पाऊस. गुडघे. गंधालीच्या तापाला काय करावं. दिवाळी कधी. नरहरच्या श्राद्धाची तिथी. आणि मग एक जरा हळू आवाजातलं, दार लोटून घेऊन बोलल्यासारखं.

"कौमुदी, मले एक सांग. पोरगा मराठीत बोलत नसन तर त्याच्याशी काय बोलावं, म्हणजे तो बोलन?"

"क्षमा करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

"मुलगा. माझा मुलगा. तो मराठीत बोलत नाही." थांबून थांबून, शुद्ध करत करत. "त्याला काय विचारू?"

"क्षमा करा, मला समजलं नाही."

आवाज थांबला. गल्लीपलीकडच्या रुळांवरून मालगाडीची लांब शिट्टी ऐकू आली. वनमालाबाईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. हे कोणी ऐकण्यासाठी नव्हतंच. त्यांनी पदर नाकाला लावला आणि फोन ओढून घ्यायला हात पुढं केला. गौतमनं दिला नाही. तो खाली मान घालून तसाच बसला होता, आणि त्याचा कान लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा.

"पुसून टाक ना लवकर," बाई म्हणाल्या. "कुठं अंगठा लावू?"

गौतमनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कितीतरी वर्षं बंद असलेल्या खोलीचं दार जसं आधी हलतच नाही, तसं त्याचं झालं होतं.

"आई," तो म्हणाला. मम्मी नाही, आई. "मले... मले भूक लागून राहिली."

बाई हलल्याही नाहीत. इतक्या वर्षांनी आलेला आवाज, थोडा बोबडा, थोडा गंजलेला, पण चाल तीच, त्याच्या बापाची. आनंदानं छाती फुटते की काय असं झालं त्यांना. पोट भरणं शक्यच नव्हतं एका वाक्यानं.

त्यांनी डोळे पुसले, चेहरा अगदी गंभीर केला, आणि कौमुदीच्याच त्या स्वच्छ, गोड आवाजात म्हणाल्या, "क्षमा करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगा."